वेश बदलला तेव्हा

तरुण रॉकस्टार आणि त्याच्यासारखाच दिसणारा सामान्य मुलगा परस्परांच्या जागा घेतात, अशा कथा आजच्या मुलांना चित्रपटांतून परिचित आहेत. या कथांचा सुप्रसिद्ध पूर्वज म्हणजे मार्क ट्वेन यांची १८८१ मधील ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ ही कादंबरी. १९६८ चा ‘राजा और रंक’ हा हिंदी चित्रपट तिच्यावरच बेतलेला होता.

काळ १५४७, स्थळ लंडन. राजपुत्र एडवर्ड आणि दरिद्री टॉम कॅन्टी गमतीने कपडे बदलतात. टॉमच्या हातावर पहारेकऱ्याने केलेली इजा दिसताच एडवर्ड जाब विचारायला धावतो. चेहरा तोच, परंतु अंगावर चिंध्या! पहारेकरी त्याच्याच कानशिलात लगावून त्याला हाकलतो. पुढे ख्राइस्ट्स हॉस्पिटल या आश्रयशाळेतील मुलेही त्याला छळतात. तरीही तो सूडाचा नव्हे, तर त्यांना अन्न-निवाऱ्यासोबत ग्रंथांचे शिक्षण देण्याचा निश्चय करतो. प्रसंग कल्पित आहे. मात्र ही शाळा एडवर्डच्याच कारकिर्दीत, १५५२ मध्ये, खरोखर स्थापन झाली.

आणि टॉम? राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत त्याची आई गर्दीतून धावत येऊन त्याचा पाय कवटाळते. तो तिची ओळख नाकारतो. आणि त्या क्षणापासून सारे वैभव त्याला बेचव वाटू लागते.

शिक्षणाने आपल्यापैकी अनेकांचा वेश बदलला आहे. म्हणून ही कथा सांगून झाल्यावर आम्ही वर्गात एकच प्रश्न विचारतो : मिरवणूक तुमची असेल आणि गर्दीत आई दिसली, तर तुम्ही काय कराल?