‘मानसशास्त्र’ या शब्दाची व्युत्पत्ती व चिकित्सकाचे भान

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी ‘हा मानसिक आजार आहे’ असे वैद्याने म्हणताच ‘म्हणजे मी वेडा का?’ असा रुग्णाचा प्रश्न येतो. हा घोटाळा मुळात शब्दाचा आहे. म्हणून शब्दाचा इतिहास पाहणे अगत्याचे ठरते.

‘सायकॉलॉजी’ या संज्ञेतील ‘प्सुखे’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ श्वास, त्यावरून प्राण व पुढे आत्मा. ‘लोगोस’ म्हणजे विवेचन. क्रोएशियाचे कवी मार्को मारुलिच यांच्या सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या एका ग्रंथनामात ही संज्ञा आढळते. तो ग्रंथ मात्र आज उपलब्ध नाही. 1590 मध्ये गोक्लेनियस यांनी ती ग्रंथशीर्षकात योजिली. ख्रिस्तियान वोल्फ यांच्या 1732 व 1734 च्या ग्रंथांनी तिला प्रतिष्ठा दिली. 1879 मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापिली आणि आत्म्याचे विवेचन प्रयोगाचा विषय झाले.

परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील राजभाषा उर्दूत याच शास्त्राला ‘नफ्सियात’ म्हणतात. ‘नफ्स’ म्हणजे जीव, स्वत्व. त्याच धातूतील ‘नफस’ म्हणजे श्वास. ग्रीक व अरबी या दोन्ही भाषांनी श्वासापासूनच आरंभ करावा, हे लक्षणीय आहे.

मराठीने मात्र निराळी वाट धरली. ‘मन्’ म्हणजे विचार करणे. त्यापासून मनस्, मानस व मानसशास्त्र. ‘प्सुखे’चे शब्दशः भाषांतर केले असते तर ‘आत्मशास्त्र’ झाले असते. चरकाचार्यांनी शरीर, इंद्रिय, सत्त्व व आत्मा यांच्या संयोगास आयु म्हटले आहे. सत्त्व म्हणजे मन. ते आत्म्याहून भिन्न आहे. अणुत्व व एकत्व हे त्याचे गुण होत. मन हे ज्ञानाचे साधन आहे, ज्ञाता नव्हे. रज व तम हे त्याचे दोष. त्यांवर ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृति व समाधि हे उपाय आणि अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणारी सत्त्वावजय चिकित्सा सांगितली आहे.

या भेदाचे व्यावहारिक फलित मोठे आहे. मनोविकार हा साधनाचा विकार आहे, माणसाच्या स्वत्वाचा नव्हे. गुडघा दुखला म्हणून माणूस हीन ठरत नाही, तसेच मन दुखावले म्हणूनही ठरू नये. रुग्णास हे त्याच्याच भाषेत सांगावे: ‘तुमच्या मनाला लागले आहे, ते बरे करता येते.’

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत आयुर्वेदातील ‘मनोविज्ञान एवं मानसरोग’ या विषयाचे पदव्युत्तर पदवीधारक समाविष्ट आहेत. युनानीच्या पदवीसंदर्भात तेथेच ‘नफ्सियात’ही येतो. दोन्ही परंपरांचे शब्द एकाच कलमात शेजारी आले. परंतु त्याच व्याख्येचा दुसरा अर्थही ध्यानी घ्यावा: केवळ पदवीधर वैद्य या व्याख्येत येत नाही. म्हणून उन्मादाची लक्षणे वा आत्मघाताचे विचार आढळल्यास रुग्णास विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे, त्याला एकटे सोडू नये आणि 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक नातेवाइकांस लिहून द्यावा.

शब्द नेमका असेल तर रुग्ण लाजत नाही. आणि लाजला नाही तर तो वेळेवर येतो. वैद्यबंधूंनी आपल्या चिकित्सालयात याचा अवश्य विचार करावा.