फोटोवर रेघा का येतात?

आजीच्या ७५व्या वाढदिवसाला नव्या इंकजेट प्रिंटरवर तिचा फोटो छापला, तर चेहऱ्यावर पांढऱ्या आडव्या रेघा! प्रिंटर परत करण्यापूर्वी क्रमाने तपासा.

१) नोझल चेक छापा. नमुना तुटक आला तर हेड क्लीनिंग करा, पण दोन-तीनदाच. त्यात शाई खर्च होते. नमुना अखंड असेल तर हेड अलाइनमेंट करा.

२) सेटिंगमध्ये ‘प्लेन पेपर’ राहिलंय का बघा. ग्लॉसी कागदाला शाईचं प्रमाण वेगळं लागतं. छपाई चकचकीत बाजूवरच हवी.

३) ४ बाय ६ इंचाला ३०० डीपीआयने १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. त्याहून फारच लहान फोटो धूसर येणारच.

आमची काही नोझल्स बंद होती. एका क्लीनिंगने काम झालं आणि केक कापायच्या आधी आजीच्या हातात फोटो पडला.