स्थानकापर्यंतची वाट

पवना नदीच्या काठी वसलेले चिंचवड मोरया गोसावींच्या समाधीमुळे प्रसिद्ध आहे. चापेकर बंधूंचेही हेच गाव. 1858 साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग झाला आणि या परिसरातून आगगाडी धावू लागली. पुढे 1954 साली शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. त्यामागून इतर कारखाने आले, कामगारांच्या वसाहती वाढल्या आणि 1982 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली.

6 मार्च 2022 रोजी या नगरीत मेट्रो सुरू झाली. तिचा मार्ग मात्र पिंपरीत, महानगरपालिकेच्या इमारतीपाशीच संपत होता. पलीकडील चिंचवड, आकुर्डी आणि निगडी येथील रहिवाशांना ती गाडी गाठण्यासाठी आधी बस किंवा रिक्षा शोधावी लागे. साहजिकच हा मार्ग निगडीपर्यंत न्यावा, अशी मागणी नागरिकांनी लावून धरली. अखेर 2023 साली केंद्र सरकारने तिला मान्यता दिली आणि 6 मार्च 2024 रोजी सुमारे साडेचार किलोमीटरच्या वाढीव मार्गाची पायाभरणी झाली.

तथापि, मार्ग वाढला म्हणजे सारी अडचण दूर झाली, असे नव्हे. अर्धा किलोमीटर अंतर धडधाकट माणूस सात-आठ मिनिटांत सहज चालून जातो. त्याच वाटेवर पदपथ मध्येच तुटलेला असेल, पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचत असेल, अथवा भरधाव वाहनांचा रुंद रस्ता ओलांडावा लागत असेल, तर काठी टेकीत चालणाऱ्या आजोबांना ते स्थानक फार दूरचे वाटते. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या कामगार स्त्रीला वाटेवर दिवे हवे असतात. दुसऱ्या गावाहून आलेल्या पाहुण्याला बसचा थांबा जिन्याशेजारीच असावा, असे वाटते. या गोष्टी नकाशात दिसत नाहीत. त्या वाटेने रोज ये-जा करणाऱ्यांनाच त्या ठाऊक असतात!

म्हणून स्थानकाच्या परिसराची आखणी करताना रहिवाशांनी अभियंत्यांसह ती वाट एकदा पायी चालून पाहावी, हे उत्तम. कोठे उंबरठ्याएवढी पायरी आडवी येते, सायकल कोठे ठेवता येईल, शाळा सुटल्यावर मुले कोठे घोळक्याने उभी राहतात, याची टिपणे घ्यावीत. महाराष्ट्रात 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला जातो आणि ठराविक मुदतीत कोणाही नागरिकास त्यावर हरकत अथवा सूचना लेखी कळविता येते. हरकतींवर सुनावणीही होते. दुर्दैवाने बहुतेकांना मसुद्याची वार्ता मुदत उलटल्यावर कळते. मग खांब उभे राहतात, जिने बांधून होतात आणि आजोबांना रस्ता ओलांडण्यासाठी कोणा तरुणाचा हात शोधावा लागतो.