हन्नाची उपकारस्तुती

आजचे वाचन : लूक २:३६-३८, स्तोत्र ७१, २ शमुवेल १९:३१-३९



आज आपण म्हातारपण आणि उपकारस्तुती या विषयावर मनन करणार आहोत. माझ्या वयाच्या, आयटीत नोकरी करणाऱ्या मंडळींसाठी हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. मुलं बेंगळुरूला किंवा अमेरिकेत, आणि आईवडील पुण्याजवळच्या एखाद्या ज्येष्ठ नागरिकांच्या संकुलात, हे चित्र आपल्या मंडळीतही दिसू लागलंय. तिथे लिफ्ट असते, नर्स असते, वेळेवर जेवण असतं. मग आईवडील थोडे गप्प वाटले की आपण पटकन म्हणतो, "सगळं तर आहे, आणखी काय पाहिजे? देवाचे आभार माना!"

हे वाक्य आपण उपकारस्तुती शिकवण्यासाठी बोलतो, की समोरच्याचं दुःख ऐकावं लागू नये म्हणून? आजच्या वाचनांकडे या प्रश्नासह जाऊया.

१. गाऱ्हाणं आणि आभार एकाच प्रार्थनेत

स्तोत्र ७१ हे म्हाताऱ्या माणसाची प्रार्थना म्हणून ओळखलं जातं. नवव्या वचनात तो देवाला विनवतो की माझी शक्ती सरत आली आहे, आता मला टाकू नकोस. विरोधक आपल्याबद्दल काय बोलतात तेही तो सांगतो. आणि चौदाव्या वचनात तोच माणूस म्हणतो की मी आशा सोडणार नाही, तुझी स्तुती वाढवतच नेईन. पुन्हा अठराव्या वचनात पिकल्या केसांचा उल्लेख आणि तीच विनवणी येते, पण आता तिला एक कारण जोडलेलं आहे : पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगायचं आहे.

आधी तक्रार संपवून ये, मग स्तुती कर, असं देव त्याला सांगत नाही. दोन्ही एकाच प्रार्थनेत मावतात. पौलही थेस्सलनीकाकरांना प्रत्येक परिस्थितीत आभार मानायला सांगतो (१ थेस्सल. ५:१८). परिस्थितीत आणि परिस्थितीबद्दल यांत फरक आहे. जोडीदार गेला, गुडघे गेले, राहतं घर सुटलं, या गोष्टींबद्दल आभार मान असं पवित्र शास्त्र कोणाला सांगत नाही. त्या गोष्टी घडत असतानाही देव जवळ आहे, म्हणून आभार मानायचे.

२. हन्नाने काय गमावलं होतं?

लूक हन्नाची ओळख तीनच वचनांत करून देतो, पण तपशील भरपूर देतो. आशेराचा वंश, फनूएलाची मुलगी, सात वर्षांचा संसार, मग वैधव्य आणि वय चौऱ्याऐंशी. (काही अभ्यासक मूळ ग्रीक वाक्याचा अर्थ चौऱ्याऐंशी वर्षांचं वैधव्य असाही लावतात.) त्या काळी मुलींची लग्नं लहान वयात होत. म्हणजे विशीच्या आसपास नवरा गेला आणि पुढची साठेक वर्षं ती एकटी होती. मुलाबाळांचा उल्लेख नाही. मंदिर हेच तिचं घर झालं होतं.

बाळ येशूला मंदिरात आणतात तेव्हा शिमोन जे बोलला ते लूकने लिहून ठेवलं. त्याआधी मरीयेचं आणि जखऱ्याचं गीतही दिलं. हन्नाचा मात्र एकही शब्द दिलेला नाही. तिने देवाचे आभार मानले आणि वाट पाहणाऱ्या सर्वांना बाळाविषयी सांगितलं, एवढंच. इथलं आभार मानण्याचं ग्रीक क्रियापद नव्या करारात फक्त याच ठिकाणी येतं, आणि त्याचा काळ चालू राहणारी क्रिया दाखवतो. तिने एकदा आभार मानले आणि संपलं, असं नाही. ती मानत राहिली.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. हन्ना मंदिरात नुसती राहत नव्हती, तिला तिथे काम होतं. उपास, प्रार्थना, आलेल्या-गेलेल्यांशी बोलणं. तिच्याजवळ देण्यासारखं काहीतरी होतं आणि ते घ्यायला माणसं होती.

आमच्या मंडळीचा गट महिन्यातून एकदा एका वृद्धाश्रमात जातो. तिथल्या एक आजी एकदा म्हणाल्या, "मला इथं काही कमी नाही रे बाळा. पण मला कोणी काही मागत नाही." ही कृतघ्नता नव्हे. जेवण, औषध, अंथरूण सगळं मिळत असतं, आणि तरी माणूस दिवसभर फक्त घेणारा होऊन बसतो. अशा वेळी "आभार माना" हे शब्द ओझ्यासारखे वाटले तर नवल नाही.

३. बर्जिल्लय आणि दावीद

अबशालोमाच्या बंडात दावीद पळून महनाइमला पोहोचला, तेव्हा ज्यांनी अंथरूण, भांडी, धान्य, मध, दही आणून दिलं त्यांत गिलादी बर्जिल्लय होता. नंतर दावीद त्याला म्हणतो की माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुला सांभाळीन. बर्जिल्लय तेव्हा ऐंशी वर्षांचा. तो सरळ सांगतो की आता मला अन्नाची चव कळत नाही, गाणं नीट ऐकू येत नाही, मी राजाला भार कशाला होऊ? मला माझ्या गावी, आईवडिलांच्या कबरीजवळ मरू दे. माझ्याऐवजी या किम्हामाला ने.

दावीद हट्ट करत नाही. म्हाताऱ्याची इच्छा ऐकतो, त्याचं चुंबन घेतो, आशीर्वाद देतो आणि किम्हामाला बरोबर नेतो. पुढे मरतानाही तो शलमोनाला बर्जिल्लयाच्या मुलांची आठवण ठेवायला सांगतो (१ राजे २:७). इथे उपकारस्तुती तरुणाकडून वृद्धाकडे जाते. आपण नेहमी ज्येष्ठांनाच कृतज्ञ राहायला सांगतो. दावीद आधी स्वतः कृतज्ञ होतो.

आचरणात कसं आणायचं?

ज्येष्ठांसाठी :

- रात्री झोपण्याआधी दिवसातल्या तीन गोष्टी देवासमोर नावानिशी सांगा. "सगळ्याबद्दल आभार" असं मोघम नको. "आज मावशींनी केस विंचरताना गुंता न ओढता सोडवला" असं नेमकं सांगा. लिहिता येत नसेल तर बोटांवर मोजा.
- मन भरून आलं असेल तर स्तोत्र ७१ प्रमाणे आधी गाऱ्हाणं सांगा. देवाला ते चालतं.
- देवाजवळ ज्यांचं नाव घेतलं, त्या माणसालाही दुसऱ्या दिवशी तसं सांगा.

एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मज्जास्नायूंचा आजार असलेल्या प्रौढांनी २१ दिवस अशा नोंदी केल्या होत्या. आजार तसाच होता, तरी नोंदी करणाऱ्यांचं मन अधिक प्रसन्न राहिलं आणि झोपही सुधारल्याचं त्यांनी सांगितलं.

मुला-नातवंडांसाठी :

- फोनवर "गोळी घेतली का?" एवढ्यावर थांबू नका. काहीतरी मागा. "आई, गुरुवारी आमचं रिलीज आहे, प्रार्थना कर" असं सांगा, आणि शुक्रवारी काय झालं ते कळवायला विसरू नका. तिचा त्या कामात वाटा आहे.
- त्यांनी तुमच्यासाठी केलेली एक नेमकी गोष्ट आठवून त्यांना सांगा.
- विसरायला लागलेल्यांजवळ बसून जुनी उपासनेची गीतं गा. नावं पुसट झाली तरी लहानपणची गीतं पुष्कळदा ओठांवर येतात.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरातल्या किंवा मंडळीतल्या ज्येष्ठांकडे आपण शेवटचं काय मागितलं?

२. त्यांचं गाऱ्हाणं मध्येच न तोडता आपण ऐकतो का?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आईच्या उदरापासून तू आम्हांला सांभाळलंस, पिकल्या केसांपर्यंतही तूच सांभाळशील. आज जे खिडकीपाशी बसून कोणाची तरी वाट पाहत आहेत, त्यांच्याजवळ राहा. हन्नाप्रमाणे त्यांना रोज आभार मानायला एक कारण दे आणि ते ऐकायला एक माणूस दे. ते माणूस होण्यासाठी आम्हांला पाठव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.