चौकशीची खिडकी

वडखळचा नाका ज्यानें पाहिला नाहीं असा विद्यार्थी आमच्या भागांत विरळा. मुंबईहून पनवेल-पेणमार्गें येणारा रस्ता येथें दुभंगतो. एक फांटा पोयनाडवरून अलिबागेस जातो व दुसरा नागोठणें, कोलाड, माणगांव करीत गोंव्याकडे वळतो. नाक्यावर उतरलेला परका प्रवासी प्रथम माहितगार मनुष्य गांठतो आणि विचारतो, "रोह्याची गाडी कोठें लागते?" गाडीचा क्रमांक त्यास ठाऊक नसतो, चालक कोण हेंहि ठाऊक नसतें. ठाऊक असतें तें फक्त नांव. नांवावरून आजची जागा सांगणारा कोणी तरी असावा, एवढीच त्याची गरज. संगणकाच्या जगांत हें काम करणाऱ्यास 'सर्व्हिस डिस्कव्हरी सर्व्हर' म्हणतात. आपण त्यास सेवाशोधक म्हणूं.

याची गरज कां पडली? पूर्वीं एखाद्या संस्थेची सारी कामें एकाच मोठ्या आज्ञावलींत कोंबलेली असत. हल्लीं तीं अनेक लहान स्वतंत्र सेवांत वांटतात. त्यांस 'मायक्रोसर्व्हिस' असें नांव आहे. समजा, एका विद्यालयाची शुल्क, हजेरी व निकाल अशा तीन सेवा आहेत. निकालाच्या दिवशीं शेंकडों पालक एकाच वेळीं चौकशी करितात. तेव्हां निकाल-सेवेच्याच तीन प्रती चालवाव्या, बाकीच्या एकेकच ठेवाव्या, अशी सोय होते. परंतु या प्रती येतात-जातात, त्यांचे पत्ते बदलतात. पत्ता चुकला तर निकाल तयार असूनहि पालकांच्या हातीं कांहीं पडत नाहीं.

दुसरा शब्द 'कंटेनर'. आमच्याच जिल्ह्यांत, उरण तालुक्यांत न्हावा-शेवा येथें, १९८९ सालीं सुरू झालेलें जवाहरलाल नेहरू बंदर आहे. तेथें चढणाऱ्या-उतरणाऱ्या वीस व चाळीस फूट लांबीच्या पोलादी पेट्या पुष्कळांनीं रस्त्यावर पाहिल्या असतील. १९५६ सालीं अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन यांनीं 'आयडियल एक्स' या जहाजावरून अशा ५८ पेट्या ह्यूस्टनला पाठविल्या, आणि पुढें ही पद्धत जगभर पसरली. पेटींत भात असो वा यंत्र, उचलणाऱ्या क्रेनला त्याचें कांहीं नसतें. माप तेवढें ठरलेलें असतें. आज्ञावली तिच्या सर्व सामानासह अशाच पेटींत भरण्याची रीत २०१३ सालीं पुढें आलेल्या 'डॉकर' या साधनानें रूढ केली. मात्र या पेटीला स्वतःच्या भिंती असतात, आणि आजच्या धड्याची गोम या भिंतींतच आहे.

सेवाशोधकांपैकीं 'युरेका' हा प्रसिद्ध आहे. चित्रपट दाखविणाऱ्या नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीनें तो आपल्या कामासाठीं बनविला व २०१२ सालीं सर्वांस खुला केला. आर्किमिडीजच्या तोंडीं घातलेल्या उद्गाराचें हें नांव, अर्थ, 'सांपडलें!' त्याची रीत साधी आहे. प्रत्येक सेवा सुरू होतांच आपलें नांव व पत्ता त्याच्या वहींत नोंदविते. नंतर मूळच्या योजनेप्रमाणें दर ३० सेकंदांनीं 'मी आहें' असा निरोप पाठविते. ९० सेकंद निरोप आला नाहीं, तर तिची मुदत संपते व नांव खोडलें जातें. ज्यास निकाल-सेवा हवी, तो वहींतून पत्ता घेतो व पुढें थेट तिच्याशींच बोलतो. खिडकीवरचा मनुष्य कांहीं प्रवाशाबरोबर गाडींत बसत नाहीं.

हा सर्व्हर पेटींत ठेवतांना तीन गोष्टी संभाळाव्या. पहिली, तो एकटाच असेल तर 'दुसऱ्या युरेकाकडे नोंद करूं नको' अशी सूचना द्यावी; नाहीं तर तो नसलेल्या जोडीदारास हांका मारीत बसतो. दुसरी, पेटीस दार ठेवावें. युरेकाचें रूढ दार, म्हणजे पोर्ट, ८७६१ क्रमांकाचें. तें बाहेरच्या संगणकाच्या दाराशीं जोडल्याशिवाय बाहेरून यादी पाहतां येत नाहीं. तिसरी गोष्ट आम्ही चूक करून शिकलों.

सरावाच्या वेळीं आम्हीं युरेका एका पेटींत व निकाल-सेवा दुसरींत ठेविली. पेट्यांशिवाय सारें सुरळीत चाललें होतें; पेटींत घालतांच वही कोरी! दोन तास सर्व्हरास दोष दिल्यावर खरें कारण दिसलें. युरेका 'लोकलहोस्ट'वर भेटेल, असें आम्हीं सेवेस सांगितलें होतें. लोकलहोस्ट म्हणजे 'येथेंच, माझ्या घरीं'. दोन्ही एकाच संगणकावर उघड्या असतां तें खरें होतें. पण पेटीच्या आंत 'माझें घर' म्हणजे तीच पेटी. बिचारी सेवा आपल्याच भिंतीवर थापा मारीत होती! मग दोन्ही पेट्या आम्हीं स्वतः निर्माण केलेल्या एका जाळ्यावर ठेविल्या व पत्त्यांत लोकलहोस्टच्या जागीं युरेकाच्या पेटीचें नांव घातलें. थोड्याच वेळांत वहींत नोंद दिसली. डॉकरच्या मूळच्या जाळ्यावर पेट्यांचीं नांवें आपोआप ओळखलीं जात नाहींत, म्हणून स्वतंत्र जाळें हवें. अंकी पत्ता मात्र देऊं नये. पेटी मोडून नवी केली कीं अंक बदलूं शकतो, नांव राहतें.

युरेकाचा आणखी एक गुण विचार करण्याजोगा आहे. एक गाडी आली नाहीं, तर ती वाटेंत बिघडली असें आपण म्हणतों. पण एकाच वेळीं कोणत्याच गाडीची वार्ता येईनाशी झाली, तर शहाणा मनुष्य आधीं आपलाच टेलिफोन तपासतो. अपेक्षित निरोपांपैकीं शेंकडा ८५ पेक्षां कमी येऊं लागले, तर युरेकाहि नांवें खोडण्याचें थांबवितो. दोष कदाचित् मधल्या वाटेचा असेल, असें तो धरून चालतो. दोनतीन सेवांच्या लहान मांडणींत मात्र एक बंद पडली तरी हिशेब ८५ च्या खालीं येतो व मेलेलें नांव यादींत राहतें; म्हणून सरावांत ही सावधगिरी पुष्कळ जण बंद ठेवितात.

ही वही कागदावर नसून सर्व्हरच्या स्मरणांत असते. पेटी बंद पडली कीं पुसली जाते. तरी घाबरण्याचें कारण नाहीं. नवी पेटी उघडली कीं सेवांच्या निरोपास 'तुमची नोंद नाहीं' असें उत्तर मिळतें व त्या पुन्हां नोंद करितात. तोंवर प्रत्येकीजवळची जुनी नक्कल कामास येते. महत्त्वाच्या कामास मात्र निरनिराळ्या संगणकांवर दोन युरेका ठेवून त्यांस एकमेकांचे पत्ते द्यावे. २०१४ सालीं गूगलनें खुल्या केलेल्या 'कुबरनेटिस'मध्यें तर नांवावरून पत्ता देण्याची सोय अंगभूतच असते.

विद्यार्थी मित्रहो, निकालाच्या दिवशीं खोळंबलेल्या पालकांस या पेट्या व हें जाळें यांतील कांहीं दिसत नाहीं. त्यांस उत्तर मिळतें किंवा मिळत नाहीं, एवढेंच. तें मिळावें म्हणून प्रत्येक सेवेनें दोन साधे नियम पाळावयाचे असतात: आपला पत्ता दुसऱ्यास उपयोगीं पडेल असा द्यावा, आणि आपण हजर असल्याची खूण वेळच्या वेळीं द्यावी. माणसांसहि हे दोन नियम लागू आहेत, असें आम्हांस वाटतें.