वेणीवर फोकस, रिकाम्या जागेत दर: चपलेचा फोटो रूल ऑफ थर्ड्सने



व्हिडिओत मी जे भराभर करून दाखवलं, ते इथे सावकाश लिहितोय. वाचताना फोन हातात ठेवा आणि समोर एक चपलेचा जोड ठेवा. तुमचा धंदा साजाचा असो, गुळाचा असो नाहीतर लोणच्याचा, पद्धत तीच. मी चपलेवर बोलतो कारण माझा हात तिथे बसलाय.

आधी माझी चूक सांगतो. दुकान नवीन होतं, दिवाळीच्या आधीचे दिवस. पुण्याच्या एका गिऱ्हाईकाला लग्नासाठी बारा जोड हवे होते. मी हौसेने लाकडी पाटावर चप्पल ठेवली, मागे पितळी समई ठेवली, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला. उत्तर आलं, "मशीनची आहे का? मग इतका दर कसा?" मला रागच आला. कारागिराने हाताने विणलेली वेणी, आणि मशीनची म्हणतोय! मग फोटो मोठा करून बघितला. समईची प्रत्येक कडी लख्ख, आणि वेणी धुरकट. तपकिरी पाटावर तपकिरी पट्टा. त्या माणसाची काहीच चूक नव्हती. फोटोत जे दिसलं त्याचा दर त्याने केला. ऑर्डर गेली.

आता हे झालं कसं? कॅमेऱ्याला आपला माल कुठला हे कळत नाही. तो स्वतःहून फोकस करताना बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू धरतो, नाहीतर जिथे उजेड-अंधाराची कडा उठून दिसते ती जागा धरतो. चकाकणारी समई त्याला सोपी पडली. म्हणून फोकस कुठे हवा ते आपण सांगायचं.

आता रूल ऑफ थर्ड्स. चौकटीचे उभे तीन आणि आडवे तीन सारखे भाग करा. दोन उभ्या रेषा, दोन आडव्या, आणि त्या एकमेकींना कापतात अशा चार जागा. महत्त्वाची गोष्ट बरोबर मधोमध न ठेवता यातल्या एका जागी ठेवायची. नियम काही इन्स्टाग्रामवाल्यांनी काढलेला नाही. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ च्या पुस्तकात तो या नावाने मांडला, देखाव्याच्या चित्रांबद्दल बोलताना. आणि आपल्या गावाला चित्रकार आणि कॅमेरा हे नातं नवीन नाही. बाबूराव पेंटर आधी चित्रकार, मग त्यांनी इथेच सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. चौकटीत काय कुठे ठेवायचं हे मुळात चित्रकाराचंच काम.

फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' किंवा 'ग्रिड लाइन्स' चालू करा. नऊ खणांची जाळी दिसेल. इथे बरेच जण फसतात. त्यांना वाटतं जाळी आली म्हणजे फोकसही तिथे गेला. नाही. जाळी फक्त पट्टी आहे, मोजायला. फोकस वेगळा द्यावा लागतो. चप्पल छान कोपऱ्यात, आणि फोकस मधल्या रिकाम्या पाटावर, असे फोटो मी ढिगाने बघितलेत (निम्मे माझेच).

तर क्रम असा. पहिल्यांदा ठरवा की गिऱ्हाईक पैसे कशाचे देतंय. कोल्हापुरीत ती वेणी असेल, अंगठा असेल, नाहीतर पट्ट्यावरची शिवण. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशा चपला दाखवल्या, तेव्हा आपल्या लोकांनी त्या फोटोवरूनच ओळखल्या. अंगठा आणि पट्ट्याची घडण दिसली, बास. पुढे कंपनीलाही भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य करावं लागलं. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे, पण फोटोत ओळख पटवायला घडणच लागते.

वेणी ठरली, की तीच वेणी जाळीच्या एका छेदावर आणा. समजा डावीकडचा खालचा छेद. चपलेचा पंजा उजवीकडे, म्हणजे मोकळ्या जागेकडे वळलेला ठेवा. पंजा चौकटीबाहेर निघाला तर नजरही त्याच्याबरोबर बाहेर जाते. उजवीकडे जी जागा उरली तिथे नंतर दर आणि साइज लिहायचा. मालावर अक्षरं चढवायची गरज राहत नाही.

फोन स्थिर झाला की मग वेणीवर बोट टेकवा. आधी टेकवून मग फोन हलवला तर बऱ्याच फोनमध्ये फोकस परत सुटतो. बोट दाबून धरलं की आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइडवर फोकस लॉक होतो. त्याच वेळी उजेड कमी-जास्त करायची खूण येते, तो जरासा कमी करा. चामड्यावरची चमक मोडते आणि विणीचे पदर दिसायला लागतात. फ्लॅश बंद. खिडकी बाजूला हवी, समोर नको. आणि फार जवळ जाऊ नका. एका अंतराच्या आत फोनला फोकस होतच नाही, नुसता धुरळा येतो. एक पाऊल मागे या आणि दोनपट झूम घ्या.

ज्यांच्याकडे डीएसएलआर आहे त्यांच्यासाठी. कॅनन १५००डी सारख्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यात नऊ फोकस पॉइंट असतात, शंकरपाळीच्या आकारात मांडलेले. हिरव्या ऑटो मोडमध्ये कॅमेराच त्यातला निवडतो, म्हणून पी किंवा एव्ही मोडवर या. मागे उजव्या अंगठ्याजवळ पॉइंट निवडायचं बटण आहे. ते दाबून तुमच्या छेदाच्या सगळ्यात जवळचा पॉइंट घ्या. पॉइंट छेदावर तंतोतंत बसणार नाही. बटण अर्धं दाबून फोकस धरा, कॅमेरा तेवढा किंचित सरकवा, मग पूर्ण दाबा.

"मधला पॉइंट चांगला पकडतो, त्यानेच फोकस करून कॅमेरा वळवला तर?" क्लासमध्ये दरवेळी हे विचारलं जातं. लांबून चालतं. पण चप्पल हातभर अंतरावर आणि लेन्स एफ १.८ वर असेल तर कॅमेरा वळवताना फोकसची पातळीच मागे सरकते. स्क्रीनवर बरं दिसतं, मोठं केलं की वेणी मऊ. पॉइंट जवळचा निवडा, एफ ८ ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर आणि दोन सेकंदांचा टायमर. पुढची-मागची दोन्ही पायताणं नीट येतात.

आता हा नियम कुठे वापरायचा नाही. ॲमेझॉनवरचा मुख्य फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो, आणि मालाने चौकटीचा साधारण ८५ टक्के भाग व्यापायला हवा. तिथे रिकामी जागा ठेवली तर लिस्टिंग अडकेल. तिथे मधोमध, मुकाट्याने. व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये छोटा फोटो चौकोनी कापला जातो, म्हणून छेदावरची वेणी कापात जात नाही ना ते बघून घ्या. थर्ड्स खरा शोभतो तो पोस्टवर, स्टेटसवर, दुकानाच्या बॅनरवर. तरी जोडीचा वरून काढलेला फोटो मला अजूनही मधोमधच आवडतो. दोन्ही पाय सारखे आहेत हे त्यात लगेच दिसतं आणि गिऱ्हाईक तेवढंच शोधत असतं.

या आठवड्याचं काम: एकाच जोडीचे चार फोटो, चारही छेदांवर, फोकस प्रत्येक वेळी वेणीवर बोट टेकवून. मग फोटो मोठा करा आणि वेणीचे पदर मोजता येतात का बघा. एकच फोटो तुमच्या दुकानाशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवा आणि विचारा, "हाताची आहे की मशीनची?" पुढच्या व्हिडिओत खिडकीचा उजेड आणि पाच रुपयांच्या पांढऱ्या कार्डशीटने सावली कशी उजळायची ते घेऊ.