वाडीच्या वाटेवर सेन्सर बसवण्याआधी

नागावचं आमचं घर रस्त्यापासून बरंच आत आहे. बेडं उघडून आत शिरलं की दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा, वर नारळी-पोफळींची दाटी आणि वाटेच्या टोकाला घर. अष्टागरातल्या जुन्या वाड्या बहुतेक अशाच. घरात आई-बाबा दोघंच असतात. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून शनिवार-रविवारी गाड्यांची वर्दळ वाढली आहे. होमस्टे शोधत कोणीही आत गाडी घालतं आणि पडवीत बसलेल्या माणसाला ती अंगणात येईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून गाडी आत वळताच घरात घंटा वाजावी, असा वायरलेस सेन्सर आम्ही बसवून घेतला.

बसवणारा माहितगार म्हणून आला होता. त्याने बेड्याच्या खांबावर उष्णता ओळखणारा सेन्सर पश्चिमेकडे तोंड करून लावला आणि गाडी आत-बाहेर करून घंटा वाजवून दाखवली. तो गेला आणि दुपारपासून घंटा थांबेना. कलत्या उन्हात तापलेली झावळी हलली की घंटा, वानरांची टोळी गडग्यावरून गेली की घंटा, रात्री कुत्रं किंवा उदमांजर फिरकलं तरी घंटा. दर वेळी बाबा बॅटरी घेऊन बाहेर जायचे. शेवटी आईने घंटेचा प्लग काढून ठेवला. पुढे एका रात्री टेम्पो आत आला आणि विहिरीवरची मोटर उचलून घेऊन गेला. सेन्सरने आपलं काम केलं असणार, पण ऐकायला घंटाच चालू नव्हती.

या प्रकारानंतर मी या यंत्रांचा नीट अभ्यास केला. ज्यांच्या वाड्या, बागा किंवा होमस्टे किनाऱ्याला आहेत त्यांच्यासाठी त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

उष्णतेचा सेन्सर गाडी ओळखत नाही. आजूबाजूपेक्षा कमी-जास्त तापलेली वस्तू समोरून सरकली, एवढंच त्याला कळतं. मे महिन्यात जमीन आणि माणसाचं अंग जवळपास सारखंच तापलेलं असतं, तेव्हा तो माणूस सोडून देतो आणि उन्हातली फांदी पकडतो. बसवायचाच असेल तर मावळतीकडे तोंड नको. वाटेला आडवा बघेल असा, साधारण गाडीच्या बॉनेटच्या उंचीवर लावा, कारण समोरून चालून येणाऱ्या वस्तूपेक्षा आडवी जाणारी वस्तू त्याला लवकर कळते. समोरच्या झावळ्या आणि केळीची पानं छाटून ठेवा. दोन खांबांमध्ये अदृश्य किरण सोडणारी जोडी आणखी नाजूक असते. मुसळधार पाऊस किंवा काचेवरचं कोळ्याचं जाळं तिला पुरे होतं.

झाडीच्या वाटेला चुंबकीय सेन्सर उत्तम. गाडीतल्या लोखंडाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित फरक पडतो, तो हा सेन्सर टिपतो. असा फरक किती दूरवर पोचतो, याची साक्ष अलिबागेतच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिची इमारत लोखंड टाळून बांधली आहे. आपल्या सेन्सरला इतकं सोवळं लागत नाही, पण लोखंडी फाटक, वाऱ्याने हलणारा पत्रा आणि मोटरच्या केबलपासून तो दोन-तीन मीटर तरी दूर हवा. कुत्रं, वानर, झावळी यांची त्याला खबर नसते. मात्र स्कूटरमध्ये लोखंड कमी, त्यामुळे ती अगदी जवळून गेली तरच कळते, आणि चालत येणारा माणूस कळतच नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

आता खारी हवा. आमच्या पहिल्या यंत्राचं झाकण मी उघडलं तेव्हा बॅटरीच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय चढली होती आणि आत मुंग्यांनी घर केलं होतं. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टीलचे घ्या, बॅटरीच्या टोकांना सिलिकॉन ग्रीस लावा, तार आत शिरते ते भोक खालच्या अंगाला ठेवून बुजवा. डब्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेलं बघून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि आपल्या वाटेवर जून ते सप्टेंबर पाणी तुंबतं. म्हणून जमिनीत फक्त चुंबकीय सेन्सरची कांडी पुरावी आणि बॅटरी व रेडिओचा डबा खांबावर उंच ठेवावा. ओल्या मातीतून रेडिओलहरी फार पुढे जातही नाहीत.

सेन्सरपासून घंटेपर्यंतचं खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. पावसात भिजलेली दाट झाडी आणि जांभ्याच्या भिंती मध्ये आल्या की त्यातलं बरंचसं गळतं. कोणी अमेरिकेहून येताना संच घेऊन येत असेल तर त्याची फ्रिक्वेन्सी आधी विचारा. तिकडचा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आपल्याकडे मोबाइल सेवेच्या पट्ट्याला भिडतो, तो इथे वापरायची मुभा नाही. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये कमी शक्तीची यंत्रं विनापरवाना चालतात, तीच इथल्या दुकानातून घ्यावीत.

घरातल्या घंटेला स्वतःची बॅटरी हवीच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरुडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एरवीही वारा सुटला की लाइट जातेच, आणि चोर अंधाराचीच वाट बघत असतात.

वाट सामाईक वहिवाटीची असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा आणि सेन्सर आपल्या हद्दीच्या आत घ्या. शक्य असेल तर थोड्या अंतराने दोन बसवा. कुठला आधी वाजला यावरून गाडी येते आहे की जाते आहे हे समजतं आणि एक बिघडला तरी दुसरा जागा राहतो.

आमच्याकडे आता असेच दोन आहेत, घंटा क्वचितच वाजते आणि वाजली की आई उठून बघते. तुम्हाला एवढंच सांगणं आहे: दिवाळीनंतर बसवलेल्या यंत्रावर एक पावसाळा काढल्याशिवाय भरवसा ठेवू नका. आणि घंटा उगाच वाजायला लागली तर प्लग काढून ठेवू नका, बसवणाऱ्याला त्याच दिवशी बोलावून ती दुरुस्त करून घ्या.